दोन विमानतळांमधील अंतर व प्रवासाचा काळ : एक अभ्यास

विमानाने प्रवास करू इच्छिणाऱ्याच्या मनात सामान्यतः दोन प्रश्न येतात. जावयाचे ठिकाण किती लांब आहे आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल? रस्त्याने किंवा रेल्वेने जाताना ह्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतांशी एकमेकांशी मिळतीजुळती असतात. अंतर दुप्पट झाले की वेळही जवळजवळ दुप्पट होतो. विमानाच्या बाबतीत मात्र हा हिशेब लागू पडत नाही. मुंबई ते गोवा हे हवाई अंतर सुमारे ४२५ कि. मी. असून वेळापत्रकात त्यासाठी साधारणतः सव्वा तास धरलेला असतो. गोवा ते दिल्ली हे अंतर सुमारे १,५०५ कि. मी., म्हणजे पहिल्याच्या साडेतीन पट आहे. परंतु त्यासाठी लागणारा वेळ सुमारे अडीच तास, म्हणजे केवळ दुप्पट आहे. असे का व्हावे, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय वरवर पाहता केवळ कुतूहलाचा वाटला, तरी नोकरीच्या मुलाखतीस निघालेल्या तरुणापासून तातडीच्या उपचारासाठी न्यावयाच्या रुग्णापर्यंत अनेकांचे हित ह्या हिशेबाशी निगडित आहे.

अंतर कसे मोजतात

पृथ्वी जवळजवळ गोलाकार असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे त्या दोन स्थळांतून जाणाऱ्या व पृथ्वीच्या मध्याशी केंद्र असलेल्या वर्तुळाचा कंस होय. अशा वर्तुळास बृहद्‌वृत्त म्हणतात. दोन विमानतळांमधील अंतर म्हणून जो आकडा दिला जातो, तो ह्या कंसाची लांबी असते. तो काढण्याचे अचूक सूत्र गोलीय त्रिकोणमितीत आहे. परंतु अंतर फार मोठे नसेल, तर शालेय भूमितीच्या आधारेही उत्तर पुरेसे बरोबर येते. कागद, पेन्सिल आणि अक्षांश-रेखांशांचा नकाशा एवढ्यावर हे काम भागते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११.२ कि. मी. एवढा असतो. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावरच तेवढा असतो, आणि उत्तरेकडे वा दक्षिणेकडे जावे तसतसा तो अरुंद होत जातो. कोणत्याही ठिकाणची त्याची रुंदी काढण्यासाठी १११.२ ला त्या अक्षांशाच्या कोज्येने, म्हणजे हल्लीच्या पाठ्यपुस्तकांतील कोसाइनने, गुणावे.

आता मुंबई व गोवा ह्यांचे उदाहरण घेऊ. मुंबईचा सांताक्रुझ-सहार येथील विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांश व ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. गोव्याचा दाबोळी विमानतळ १५.३८ अंश उत्तर व ७३.८३ अंश पूर्व ह्या ठिकाणी आहे. अक्षांशांतील फरक ३.७१ अंश, म्हणून दक्षिणोत्तर अंतर ३.७१ गुणिले १११.२, म्हणजे सुमारे ४१३ कि. मी. रेखांशांतील फरक ०.९६ अंश आहे. दोहोंच्या मधल्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १७.२४ अंशांवर, रेखांशाचा एक अंश सुमारे १०६.२ कि. मी. भरतो. म्हणून पूर्वपश्चिम अंतर सुमारे १०२ कि. मी. आले. ह्या दोन बाजू काटकोनात असल्यामुळे पायथॅगोरसच्या सिद्धान्तानुसार ४१३ चा वर्ग व १०२ चा वर्ग ह्यांच्या बेरजेचे वर्गमूळ काढावे. ते सुमारे ४२५ येते. अचूक सूत्रानेही हेच उत्तर मिळते.

हीच रीत गोवा-दिल्ली अंतराला लावून पाहू. दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ २८.५७ अंश उत्तर व ७७.१० अंश पूर्व येथे आहे. दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,४६७ कि. मी. व पूर्वपश्चिम अंतर सुमारे ३३७ कि. मी. येते; त्यावरून सरळ अंतर सुमारे १,५०५ कि. मी. ठरते. एवढ्या अंतरावरही ह्या साध्या रीतीत एखाद्या किलोमीटरपेक्षा अधिक चूक राहत नाही. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या सुमारे साडेबारा हजार कि. मी. अंतरासाठी मात्र ही रीत उपयोगाची नाही. तेथे सपाट नकाशावरील सरळ रेषा व पृथ्वीवरील सर्वांत जवळचा मार्ग ह्यांत फार तफावत पडते, आणि खरा जवळचा मार्ग उत्तरेकडे वाकून युरोपच्या उत्तर भागावरून जातो.

येथे एक शंका पुष्कळदा विचारली जाते. विमान दहा कि. मी. उंचीवरून जाते, तेव्हा त्याला जमिनीवरील अंतरापेक्षा बरेच अधिक अंतर कापावे लागत नाही काय? उत्तर असे की, पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ कि. मी. आहे. तिच्या मानाने दहा कि. मी. ही उंची नगण्य आहे. गोवा-दिल्ली मार्गावर ह्या कारणाने पडणारी भर जेमतेम अडीच कि. मी. असते.

सरळ रेषा आणि प्रत्यक्ष मार्ग

नकाशावरील हे अंतर म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणाची किमान मर्यादा होय. विमान क्वचितच एवढ्यावर भागवू शकते. आकाशातही मार्ग आखलेले असतात, आणि त्यांवरून एकामागून एक जाणाऱ्या विमानांत ठरावीक अंतर राखावे लागते. काही हवाई क्षेत्रे संरक्षण दलांच्या सरावासाठी राखलेली असतात. शिवाय उड्डाण आणि अवतरण ही दोन्ही शक्यतो वाऱ्याच्या समोर करावयाची असल्यामुळे धावपट्टीची दिशा महत्त्वाची ठरते. मुंबईस बहुतेक दिवस विमाने पूर्वेकडून उतरतात व पश्चिमेकडे समुद्रावर उड्डाण घेतात. दक्षिणेकडून येणाऱ्या गोव्याच्या विमानास म्हणून आधी पूर्वेस वळसा घ्यावा लागतो. दाबोळीची धावपट्टीही पूर्वपश्चिम आहे, त्यामुळे उत्तरेकडून आलेल्या विमानास तेथेही वळण घेणे भाग पडते. दोन्ही टोकांच्या वळणांनी मूळ ४२५ कि. मी. मध्ये तीस-चाळीस कि. मी. ची भर सहज पडते. लांबच्या मार्गावरही वळसे जवळजवळ तेवढेच असतात. परंतु एकूण अंतराच्या मानाने ते कमी जाणवतात.

राजकीय सीमांचाही मार्गावर परिणाम होतो, ह्याचे उदाहरण गोव्याच्याच इतिहासात आहे. पोर्तुगीज राजवटीत १९५५ मध्ये दाबोळीचा विमानतळ वाहतुकीस खुला झाला, आणि तेथून दमण, दीव व कराचीकडे विमाने जाऊ लागली. गोवा व दमण ह्यांमधील सरळ अंतर सुमारे ५७० कि. मी. आहे. मात्र ती सरळ रेषा रत्नागिरी, तेव्हाचा कुलाबा म्हणजे आजचा रायगड, आणि ठाणे ह्या जिल्ह्यांवरून जाते. भारताने घातलेल्या नाकेबंदीच्या त्या काळात ही विमाने भारतीय भूमी टाळून समुद्रावरून जात असत. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, दाबोळीचे क्षेत्र पुढे भारतीय नौदलाकडे आले, आणि आकाशातील ही सीमा नाहीशी झाली. दोन्ही गावे होती तेथेच राहिली. बदलला तो केवळ त्यांमधील मार्ग.

वेळापत्रकातील वेळ म्हणजे काय

वेळापत्रकात छापलेली प्रस्थानाची वेळ ही विमान जमीन सोडण्याची वेळ नसते, आणि आगमनाची वेळ ही चाके धावपट्टीस टेकण्याची वेळ नसते. उभ्या विमानाच्या चाकांपुढे ठोकळे लावलेले असतात. हे ठोकळे काढून विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा काळ हा वेळापत्रकाचा काळ होय. त्याचे पाच भाग पाडता येतात.

पहिला भाग, उभ्या जागेपासून धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणे व आपली पाळी येईपर्यंत थांबणे. गर्दीच्या विमानतळावर ह्यातच दहा ते वीस मिनिटे जातात. मुंबईच्या ह्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदत असल्यामुळे सामान्यतः एका वेळी एकीचाच वापर होतो, व रांग लांबते. दुसरा भाग, उंची गाठणे. मोठ्या जेट विमानास दहा-अकरा कि. मी. उंचीवर जाण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात सुमारे २०० कि. मी. अंतर कापले जाते. तिसरा भाग, एका उंचीवरून समगतीने जाणे. ह्या अवस्थेत विमानाचा वेग ताशी ८०० ते ८५० कि. मी. असतो. चौथा भाग, खाली उतरणे. हे काम मुक्कामाच्या सुमारे १८० ते १९० कि. मी. अलीकडेच सुरू होते. दहा हजार फुटांच्या खाली आल्यावर सर्वसाधारणतः ताशी २५० सागरी मैल, म्हणजे सुमारे ४६३ कि. मी. पेक्षा अधिक वेग ठेवता येत नाही. उतरणाऱ्या विमानांची दाटी असेल, तर आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. पाचवा भाग, धावपट्टीवरून उभे राहण्याच्या जागेपर्यंत जाणे.

आता मुंबई-गोवा मार्गाकडे पुन्हा पाहावे. चढण्यास २०० कि. मी. व उतरण्यास १९० कि. मी. धरले, तर ४२५ पैकी समगतीसाठी जवळजवळ काहीच उरत नाही. विमानाची खरी गती ज्या अवस्थेत प्रकट होते, ती अवस्थाच ह्या मार्गावर नाममात्र असते. म्हणून अशा जवळच्या मार्गावर विमाने बहुधा कमी उंचीवरूनच जातात. ४२५ कि. मी. ला सव्वा तास, म्हणजे सरासरी वेग ताशी ३४० कि. मी. झाला. गोवा-दिल्ली मार्गावर चढणे, उतरणे व जमिनीवरील हालचाल ह्यांना तेवढाच वेळ लागतो, परंतु मध्ये अकराशे कि. मी. हून अधिक अंतर पूर्ण वेगाने कापले जाते. तेथे सरासरी वेग ताशी सुमारे ६०० कि. मी. पडतो. विमान तेच असले, तरी दोन प्रवासांच्या सरासरी वेगात एवढा फरक पडतो.

एक ठोकताळा

ह्यावरून सामान्य वाचकास वापरता येईल असा एक ठोकताळा बांधता येतो. कि. मी. मधील सरळ अंतरास ८०० ने भागावे, येणाऱ्या तासांची मिनिटे करावी, आणि त्यांत ४० मिनिटे मिळवावी. चाळीस मिनिटांचा हा भाग दोन्ही टोकांवरील हालचाल, वळसे व मंदगती ह्यांबद्दलचा आहे. तो अंतर वाढले म्हणून फारसा वाढत नाही, आणि कमी झाले म्हणून फारसा कमी होत नाही.

मुंबई-गोवा : ४२५ भागिले ८०० म्हणजे ३२ मिनिटे, अधिक ४०, एकूण ७२ मिनिटे. गोवा-दिल्ली : १,५०५ भागिले ८०० म्हणजे ११३ मिनिटे, अधिक ४०, एकूण १५३ मिनिटे. दोन्ही उत्तरे वेळापत्रकाशी जुळतात. मात्र हा ठोकताळा जेट विमानांसाठी आहे. लहान शहरांकडे जाणाऱ्या पंखेवाल्या एटीआर विमानांचा वेग ताशी सुमारे ५०० कि. मी. असल्यामुळे त्यांच्यासाठी ८०० ऐवजी ५०० ने भागावे, व ३५ मिनिटे मिळवावी. गोवा-हैदराबाद हे ५३० कि. मी. चे अंतर जेट विमानास सुमारे एक तास वीस मिनिटांचे, तर एटीआर विमानास सुमारे एक तास चाळीस मिनिटांचे होते.

वाऱ्याचा परिणाम

विमानाचा वेग हा सभोवतालच्या हवेच्या मानाने असतो. हवाच वाहत असेल, तर जमिनीच्या मानाने होणारी गती बदलते. हिवाळ्यात उत्तर भारतावर मोठ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोतवारे वाहतात, त्यामुळे पूर्वेकडे जाणारी विमाने लवकर पोहोचतात व पश्चिमेकडे येणारी रेंगाळतात.

मुंबई-कोलकाता हे अंतर सुमारे १,६६० कि. मी. आहे. विमानाचा वेग ताशी ८३० कि. मी. धरला, तर निर्वात स्थितीत समगतीने दोन तास लागतील. ताशी १०० कि. मी. चा पश्चिम वारा असेल, तर जाताना वेग ९३० होईल व १ तास ४७ मिनिटे लागतील. येताना वेग ७३० होऊन २ तास १६ मिनिटे लागतील. एकाच मार्गावर जाण्यायेण्यात २९ मिनिटांचा फरक पडला. आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. दोन्हींची बेरीज ४ तास ३ मिनिटे होते, म्हणजे निर्वात स्थितीतील ४ तासांहून अधिक. अनुकूल वाऱ्याने जाताना १३ मिनिटे वाचली, परंतु प्रतिकूल वाऱ्याने येताना १६ मिनिटे गेली. ह्याचे कारण असे की, प्रतिकूल वाऱ्यात विमानास अधिक काळ राहावे लागते.

गोवा-दिल्ली मार्ग दक्षिणोत्तर असल्यामुळे तेथे हा वारा आडवा लागतो. विमानास नाक किंचित पश्चिमेकडे वळवून चालावे लागते, पण त्यामुळे होणारी हानी अल्प असते. ताशी १५० कि. मी. चा आडवा वारा असला, तरी दिल्लीस पोहोचण्यास दोनच मिनिटे अधिक लागतात. त्या मार्गावर वाऱ्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीतील दिल्लीचे धुके अधिक वेळ घेते, आणि मुंबई-गोवा मार्गावर जून ते सप्टेंबरचा पाऊस. अशा प्रसंगी उपयोगी पडावे म्हणून प्रत्येक विमानात केवळ मुक्कामापर्यंतचे इंधन भरत नाहीत. तेथे उतरता न आल्यास पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल एवढे, आणि त्याशिवाय जेट विमानात आणखी अर्धा तास आकाशात थांबता येईल एवढे इंधन राखून ठेवावे लागते.

घड्याळांतील फरक

भारतात सर्वत्र एकच प्रमाणवेळ असल्यामुळे देशांतर्गत प्रवासात आगमनाच्या वेळेतून प्रस्थानाची वेळ वजा केली की प्रवासकाल मिळतो. परदेशी जाताना तसे करून चालत नाही, कारण वेळापत्रकात प्रत्येक ठिकाणची वेळ ही त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. गोमंतकातील व कोकणातील अनेक कुटुंबांची माणसे आखाती देशांत कामास आहेत, म्हणून दुबईचे उदाहरण घेऊ. गोवा-दुबई अंतर सुमारे २,२१० कि. मी. आहे. दुबईची वेळ भारताच्या दीड तास मागे असते. समजा, विमान गोव्याहून सकाळी १० वाजता निघून दुबईस ११ वाजून ४५ मिनिटांनी पोहोचते. कागदावर पावणेदोन तास दिसतात. परंतु दुबईत पावणेबारा वाजतात तेव्हा भारतात सव्वा वाजलेला असतो, म्हणून खरा प्रवास सव्वातीन तासांचा होतो. परतीचे विमान दुबईहून दुपारी १ वाजता निघून गोव्यास साडेपाच वाजता आले, तर कागदावर साडेचार तास दिसतील, पण खरा काळ तीनच तासांचा असेल. विमानतळावर आप्तांस आणावयास जाणाऱ्यांनी तिकिटावरील आगमनाची वेळ जशीच्या तशी धरावी. तीत दीड तास मिळवू अथवा वजा करू नये.

एक नाव, दोन विमानतळ

पूर्वी गोव्याचे विमान म्हणजे दाबोळीचे विमान, हे सांगावे लागत नसे. पेडणे तालुक्यातील मोप येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली आणि ही स्थिती बदलली. मुरगाव तालुक्यातील दाबोळी व उत्तर सीमेजवळील मोप ह्यांमधील सरळ अंतर सुमारे ३९ कि. मी. आहे. मुंबईहून मोप सुमारे ३८८ कि. मी., म्हणजे दाबोळीपेक्षा ३७ कि. मी. जवळ पडते. आपल्या ठोकताळ्याने ह्या ३७ कि. मी. ची किंमत तीन मिनिटांहूनही कमी आहे. वेळापत्रकात ती दिसणारही नाही.

जमिनीवर उतरल्यावर मात्र चित्र पालटते. मडगाव दाबोळीपासून रस्त्याने तीस कि. मी. च्या आत आहे. मोपपासून ते त्याच्या दुपटीहून अधिक दूर आहे. उलट पेडणे, बांदा, सावंतवाडी ह्या बाजूच्या लोकांना मोप अगदी जवळचे आहे. आकाशात तीन मिनिटांचा असलेला फरक जमिनीवर तासाभराचा होऊ शकतो. म्हणून तिकीट काढताना केवळ ‘गोवा’ हे नाव न पाहता विमानतळाचे सांकेतिक अक्षर पाहावे. दाबोळीसाठी ‘जीओआय’ व मोपसाठी ‘जीओएक्स’ असा संकेत आहे. सोडावयास वा आणावयास येणाऱ्या नातलगांनाही तो कळवावा. मुंबईकडेही आता अशीच दक्षता घेतली पाहिजे, कारण ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आहे.

दारापासून दारापर्यंत

प्रवाशाच्या दृष्टीने खरा प्रवासकाल हा घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा असतो. दादरहून मडगावास जाणाऱ्या मनुष्याचा हिशेब असा मांडता येईल. घर ते विमानतळ एक तास. सामान देणे व तपासणी ह्यांसाठी दोन तास आधी पोहोचणे. विमान सव्वा तास. सामान मिळेपर्यंत अर्धा तास. दाबोळीहून मडगाव पाऊण तास. एकूण साडेपाच तास. ह्यात प्रत्यक्ष हवेत असलेला काळ एक तासाहूनही कमी आहे. कोकण रेल्वेच्या मार्गावर जून २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत गाडी मुंबईहून मडगावास पावसाळ्याबाहेरच्या दिवसांत सुमारे आठ तासांत पोहोचते. घर ते स्थानक व थोडी आधीची वेळ धरून पावणेनऊ तास होतात. म्हणजे विमानाने वाचलेला काळ, वेळापत्रके शेजारी ठेवून वाटतो तसा पावणेसात तासांचा नसून सव्वातीन तासांचा आहे. दिल्लीचा प्रवास असेल, तर रेल्वेस एक अहोरात्र व अधिक काळ लागत असल्यामुळे विमानाचा लाभ निर्विवाद ठरतो. अंतर जसे कमी, तसा विमानाचा लाभ कमी, हे तत्त्व ध्यानी ठेवावे.

जेथे मिनिटांचे मोल मोठे असते

ह्या सर्व हिशेबाचे महत्त्व सर्वांत अधिक जाणवते ते अवयवदानाच्या कार्यात. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय बर्फाच्या थंडाव्यात ठेवून नेले, तरी रक्तपुरवठा थांबल्यापासून सुमारे चार तासांच्या आत ते रुग्णाच्या शरीरात पुन्हा सुरू व्हावे लागते. यकृतासाठी ही मुदत साधारणतः बारा तासांची, व मूत्रपिंडासाठी एक दिवस वा थोडी अधिक असते. यकृत व मूत्रपिंड म्हणूनच नेहमीच्या प्रवासी विमानानेही जाऊ शकतात. हृदयाच्या बाबतीत मात्र एकेक मिनिट मोजावे लागते.

गोव्यातील दात्याचे हृदय मुंबईस न्यावयाचे आहे, असे समजू. रुग्णालय ते विमानतळ २५ मिनिटे, विमानात ठेवणे १० मिनिटे, विमानप्रवास ७५ मिनिटे, मुंबई विमानतळ ते रुग्णालय ३० मिनिटे, आणि ते बसविण्याची शस्त्रक्रिया सुमारे ६० मिनिटे. एकूण २०० मिनिटे, म्हणजे ३ तास २० मिनिटे. मुदतीत काम होते. हेच हृदय दिल्लीस न्यावयाचे झाले, तर विमानप्रवासाची १५० मिनिटे धरून बेरीज ४ तास ३५ मिनिटे होते. मुदत उलटून जाते. दिल्लीत गरजू रुग्ण असूनही ह्या कारणास्तव हृदय जवळच्या शहराकडे पाठविणे इष्ट ठरते.

आता ह्या बेरजेतील कोणते अंक कमी करता येतील, ते पाहावे. दोन शहरांमधील अंतर कोणासही कमी करता येत नाही. ताशी ८०० कि. मी. च्या वेगासही विशेष वाढ देता येत नाही. कमी होऊ शकतात ती दोन्ही टोकांची मिनिटे. हवाई वाहतूक नियंत्रकाने अशा विमानास उड्डाणात व अवतरणात अग्रक्रम दिला, तर रांगेतील मिनिटे वाचतात. पोलिसांनी रुग्णालयापासून विमानतळापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवला, तर आणखी वाचतात. रस्ता असा मोकळा ठेवण्यास हरित मार्ग म्हणतात. इंदूर शहराने अशा हरित मार्गांच्या बाबतीत देशात नाव मिळविले आहे. रुग्णवाहिकेस वाट देण्यासाठी क्षणभर थांबलेला सामान्य वाहनचालकही ह्या बेरजेतील एखादे मिनिट कमी करीत असतो. मुंबईच्या उदाहरणात हाती उरलेली चाळीस मिनिटे पुष्कळ वाटतात. परंतु विमान वीस मिनिटे घिरट्या घालीत राहिले आणि रुग्णवाहिका तेवढाच वेळ वाहतुकीत अडकली, तर ती सर्व संपतात.

अभ्यासासाठी उदाहरण

इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ २२.७२ अंश उत्तर व ७५.८० अंश पूर्व येथे आहे. हैदराबादचा शमशाबाद येथील विमानतळ १७.२३ अंश उत्तर व ७८.४३ अंश पूर्व येथे आहे. वरील रीतीने दोहोंमधील अंतर व जेट विमानाचा प्रवासकाल काढावा. मधला अक्षांश सुमारे २० अंश धरून तेथील रेखांशाचा अंश १०४.५ कि. मी. घ्यावा.

उत्तर असे येईल. दक्षिणोत्तर अंतर सुमारे ६१० कि. मी., पूर्वपश्चिम सुमारे २७५ कि. मी., सरळ अंतर सुमारे ६७० कि. मी.; प्रवासकाल ५० अधिक ४०, म्हणजे सुमारे दीड तास. हे उत्तर मिळाल्यावर वाचकांनी आपल्या घरापासून विमानतळापर्यंतचा, तपासणीचा व उतरल्यानंतरचा काळ त्यात मिळवावा आणि मग रेल्वेच्या वेळापत्रकाशी तुलना करावी. शिक्षकांनी आपल्या गावाजवळचा विमानतळ घेऊन हेच उदाहरण वर्गात करून घेतल्यास अक्षांश-रेखांश, पायथॅगोरसचा सिद्धान्त आणि सरासरी वेग हे तिन्ही विषय विद्यार्थ्यांच्या एकदमच ध्यानात येतील.